दर्शन आणि अंतर

सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल ओलांडून उत्तरेला निघाले की कॅलिफोर्नियाचा राज्य महामार्ग क्रमांक १ समुद्राचा हात धरून चालतो. डावीकडे प्रशांत महासागर, उजवीकडे गवताळ टेकड्या, मधूनच एखादे मासेमारीचे बंदर. रॉकपोर्टनंतर मात्र तो समुद्राकडे पाठ फिरवतो, डोंगरात शिरतो आणि लेगेट गावी महामार्ग १०१ला मिळतो. तिथून ओरेगनच्या सीमेपर्यंत वाट रेडवूड वृक्षांची: हम्बोल्ट रेडवूड्स, प्रेअरी क्रीक, जेडेडाया स्मिथ. उन्हाळ्यात या वाटेवर कॅम्पर व्हॅनची रीघ लागते. गाडीतच बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी, छोटा फ्रिज. थांबू तिथे घर. बे एरियातली मराठी कुटुंबेही त्यांत असतात. हा प्रवास करणारे कोणत्याही देशाचे वा धर्माचे असोत, त्याविषयी बोलताना त्यांच्या तोंडी देवळाची भाषा येते. कोणी त्या वनाला कॅथेड्रल म्हणते, कोणी प्रवासाला यात्रा म्हणते, आपली माणसे सहज दर्शन म्हणून जातात. ही भाषा मी खरी मानतो. तीनशे फुटांहून उंच वाढणाऱ्या, दोन हजार वर्षांहून अधिक जगू शकणाऱ्या झाडाखाली माणसाच्या मनात जे उभे राहते, ते निव्वळ करमणुकीच्या खात्यात मांडता येत नाही. पण ही भाषा खरी मानायची तर तिच्यासोबत येणारी बंधनेही खरी मानावी लागतील. देवळात शिरणारा काही नियम पाळतो. घर बरोबर घेऊन वनाच्या दारी जाणाऱ्याने कोणते पाळायचे?

माझे म्हणणे आधीच मांडून ठेवतो. पवित्र स्थळ पाहायला मिळणे हा आपला हक्क आहे असे आपण गृहीत धरतो, आणि जितके जवळ जाऊ तितके दर्शन सखोल असेही. ही दोन्ही गृहीतके मला चुकीची वाटतात. रेडवूडच्या वनाने गेल्या शंभर वर्षांत जे सोसले आहे ते पाहिले की कळते, तिथे भक्ती आणि जवळीक यांची फारकत झालेली आहे. या वनावर खरोखर प्रेम करायचे तर त्याचा मोठा भाग आपण कधीच गाठणार नाही, याला मनापासून संमती द्यावी लागते. ही संमतीच या यात्रेतली उपासना आहे. कॅम्पर व्हॅनचा विषय मुद्दाम घेतला, कारण प्रवासाच्या सगळ्या साधनांत हेच साधन माणसाला सांगते की तुला परतण्याची निकड नाही. पूर्वी अंधार पडला, शिधा संपला, थंडी वाजू लागली की पाऊल मागे फिरे. निसर्गाने घातलेली ही बंधने व्हॅनने काढून घेतली. आता बंधन असलेच तर ते माणसाने स्वतःहून पत्करलेले असेल.

आधी झाडाचेच पाहू. कोस्ट रेडवूड हा पृथ्वीवरचा सर्वांत उंच वृक्ष, पण त्याला सोटमूळ नाही. शंभर मीटर उंचीच्या खोडाची मुळे जेमतेम दोन ते चार मीटर खोल जातात. त्याऐवजी ती बाजूला तीस-तीस मीटर पसरतात आणि शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंततात. एकटे झाड वादळात टिकणे कठीण; टिकते ती त्यांची एकमेकांत विणलेली वीण. वरचा थर पालापाचोळ्याचा, भुसभुशीत. त्यावर सतत पावले पडली की माती घट्ट दाबली जाते, पाणी आत मुरत नाही, बारीक मुळे मरतात. उन्हाळ्यात तिथे पाऊस जवळजवळ नसतो. समुद्रावरून येणारे धुके पानांवर थबकते, थेंब होऊन खाली गळते, आणि झाडाला मिळणाऱ्या एकूण पाण्याचा सुमारे एक तृतीयांश वाटा असा धुक्यातून येतो. म्हणूनच ही वने किनाऱ्याची अरुंद पट्टी सोडून आत जात नाहीत. मुळाशी ते थेंब झिरपू शकले नाहीत, तर समुद्राने दिलेले झाडापर्यंत पोहोचत नाही. म्हणजे हजारो वर्षे आग, पूर, वादळ सोसणारे हे झाड ज्या गोष्टीपुढे हतबल आहे ती गोष्ट म्हणजे त्याच्या पायाशी येऊन उभे राहणारी, त्याच्यावर प्रेम करणारी माणसे.

हे तर्काने काढलेले अनुमान नाही; घडलेले आहे. 2006 मध्ये रेडवूड राष्ट्रीय उद्यानात दोन निसर्गशोधकांना एक झाड सापडले. उंची 115 मीटरांहून जास्त, जगातले सर्वांत उंच. त्याला हायपेरियन नाव मिळाले आणि ठिकाण गुप्त ठेवण्यात आले. ते गुप्त राहिले नाही. तिथे जाणारी पायवाट नव्हती. लोकांनी झुडपे तुडवून ती पाडली. बुंध्याभोवतीची माती इतकी तुडवली गेली की तिथे नेचे उगवेनासे झाले. कचरा पडू लागला, मलमूत्र पडू लागले. 2022 मध्ये उद्यानाने तो परिसर बंद केला. आत सापडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद आणि पाच हजार डॉलरपर्यंत दंड. या घटनेतली मला सर्वांत बोलकी वाटणारी बाब वेगळीच आहे. हायपेरियनच्या पायाशी उभे राहून त्याची उंची दिसतच नाही. शेंडा फांद्यांत हरवलेला, आणि बुंधा तर रस्त्याकाठच्या कित्येक झाडांहून बारीक. एवढी धडपड करून गेलेल्या माणसाच्या डोळ्यांना जे दिसते त्याहून भव्य झाडे त्याने वाटेत मागे टाकलेली असतात. मग तो कशाच्या दर्शनाला गेला होता? एका आकड्याच्या. झाडापाशी पोहोचलेला तो, ही त्याची ओळख होणार होती. दर्शनात पाहणारा लहान होतो आणि ज्याला पाहायचे ते मोठे होते. इथे नेमके उलटे झाले.

याच वनाशी जोडलेला एक पक्षी आहे, मार्बल्ड मरलेट. कबुतराहून लहान, सगळे आयुष्य समुद्रात, मासे हे अन्न. पण अंडे घालायला तो किनारा सोडून आत कित्येक किलोमीटर उडत येतो आणि जुन्या, उंच झाडाच्या शेवाळलेल्या जाड फांदीवर घरटे न बांधताच एकच अंडे घालतो. त्याची ही जागा शास्त्रज्ञांना इतका काळ सापडली नव्हती की कॅलिफोर्नियातले पहिले घरटे 1974 मध्ये, बिग बेसिन उद्यानात, झाडावर चढलेल्या एका कामगाराला दिसले. समुद्र आणि वन या दोघांना जोडणारा हा जीव आज संकटात आहे. त्याचे मुख्य कारण वृक्षतोड. पण उरलेल्या वनात त्याचे मोठे शत्रू आहेत ते स्टेलर्स जे नावाचे निळे पक्षी आणि डोमकावळे. ते अंडी आणि पिल्ले पळवतात, आणि तळांवर मुक्काम करणाऱ्यांनी सांडलेल्या अन्नावर त्यांची संख्या वाढते. म्हणून तिथल्या उद्यानांनी मोहीम काढली आहे की टेबलावर, जमिनीवर खाण्याचा एक कणही ठेवू नका. आपल्या जुन्या घरांत जेवणानंतर खरकटे उचलून जमीन सारवून घेण्याचा जो कडक नियम होता, तोच इथे परत येतो, फक्त आता त्याला जीवशास्त्राचा आधार आहे. व्हॅनमधल्या शेगडीवर भाजलेल्या ब्रेडचा चुरा शंभर फूट उंचीवरच्या अंड्यापर्यंत पोहोचतो, आणि ते अंडे त्या प्रवाशाला कधी दिसलेलेही नसते. आपण न पाहिलेल्या गोष्टीचाही आपल्यावर हक्क असतो, याहून साधा पुरावा मला सापडत नाही.

प्रवाशाच्या पावलाचा असा विचार भारतीय परंपरेने फार पूर्वी केला आहे, आणि तोही ज्यांनी घरच सोडले होते अशा माणसांच्या संदर्भात. विनयपिटकात वर्षावासाच्या नियमाची कथा येते. बुद्धाचे भिक्षू हिवाळा, उन्हाळा, पावसाळा असा सर्वकाळ फिरत. लोक तक्रार करू लागले की हे हिरवे गवत तुडवतात, बारीक जीव चिरडतात. दुसऱ्या पंथांचे साधू पावसाळ्यात एका जागी राहतात, पक्षीसुद्धा झाडावर घरटे करून थांबतात. ही तक्रार बुद्धाने मान्य केली आणि तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घातला. सह्याद्रीतली कित्येक लेणी या वर्षावासाच्या गरजेतून कोरली गेली. जैन साधू-साध्वी आजही अनवाणी विहार करतात आणि चातुर्मासात थांबतात. या कथेत मला महत्त्वाचे वाटते ते हे की नियम ज्यांना लागू झाला ते निःसंग होते. त्यांच्यापाशी भिक्षापात्र आणि चीवर एवढेच. तरीही त्यांना सांगितले गेले नाही की तुमचा हेतू शुद्ध आहे, तेव्हा हवे तिथे पाऊल टाका. हेतूच्या शुद्धीने पायाखालचा जीव वाचत नाही. अपरिग्रही परिव्राजकालाही जर थांबण्याचे व्रत लागले, तर बिछाना-शेगडीसकट फिरणाऱ्याला त्यातून सूट कशी मिळेल?

यावर पहिला आक्षेप तगडा आहे, आणि तो इतिहासातून येतो. रस्ता नसता तर हे वन वाचलेच नसते. 1917 मध्ये जॉन मेरियम, मॅडिसन ग्रँट आणि हेन्री फेअरफील्ड ऑस्बोर्न हे तिघे मोटारीने उत्तरेला गेले. तिथे महामार्गाचे काम चालू होते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कुऱ्हाड चालू होती. हजार वर्षांच्या झाडांपासून द्राक्षबागांचे खांब आणि रेल्वेचे स्लीपर होत होते. ते पाहून हादरलेल्या या माणसांनी 1918 मध्ये सेव्ह द रेडवूड्स लीग स्थापन केली. पुढच्याच वर्षी हम्बोल्ट परगण्यातल्या स्त्रियांनी आपली संघटना उभी केली. आज जी राई उरली आहे, मूळच्या जेमतेम पाच टक्के, ती बऱ्याच अंशी या लोकांच्या प्रयत्नांमुळे. पाहिले म्हणून प्रेम जडले, प्रेम जडले म्हणून वाचवले. मग आता येणाऱ्यांना न पाहण्याचा उपदेश करणे म्हणजे पुढच्या रक्षणकर्त्यांचीच वाट अडवणे नव्हे का?

मला हा आक्षेप अर्धा मान्य आहे. कोणीच न पाहिलेल्या वनासाठी कोणी लढणार नाही. पण त्याच प्रसंगाचा दुसरा अर्धा भाग नजरेआड करता येत नाही: करवत आणि रक्षणकर्ता एकाच रस्त्याने आले, आणि करवत आधी पोहोचली. पुढचा इतिहास तर आणखी स्पष्ट आहे. 1968 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, तरी रेडवूड क्रीकच्या वरच्या उतारांवर तोड चालूच राहिली आणि त्या उतारांवरची माती वाहून येऊन खालच्या उंच राया धोक्यात आल्या. 1978 मध्ये उद्यान वाढवले गेले, तेव्हा त्यात आलेला पुष्कळसा भाग तोडलेलाच होता आणि लाकूडवाहू रस्त्यांनी चिरलेला होता. तेव्हापासून उद्यानाचे एक मोठे काम आहे ते रस्ते मोडण्याचे: मोऱ्या काढणे, भराव उचलणे, डोंगराचा उतार पूर्वीसारखा करून देणे. शेकडो किलोमीटर रस्ते असे पुसले गेले आहेत. प्रेअरी क्रीकच्या राईतून जाणारा महामार्गसुद्धा 1992 मध्ये वळवून बाहेर नेला गेला, आणि आतल्या जुन्या रस्त्यावर आता संथ वाहनेच जातात. वनावर प्रेम करणाऱ्या पिढीने पहिल्यांदा रस्त्याने येऊन त्याला वाचवले आणि मग रस्ते मागे घेऊन वाचवले. पाहण्याने प्रेमाची सुरुवात होते हे खरे. पण जे प्रेम अधिकाधिक पाहण्यातच अडकून राहते ते वाढलेले नसते. सगळी राई पाहिल्याशिवाय राईची काळजी वाटत नसेल, तर ती काळजी राईची नव्हेच.

दुसरा आक्षेप महाराष्ट्रातल्या माणसाने तरी हलक्या हाताने बाजूला सारू नये. पावित्र्याच्या नावाने 'इथून पुढे येऊ नका' असे सांगण्याचा आपला इतिहास काळाकुट्ट आहे. 1930 मध्ये डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारी सत्याग्रह करावा लागला. 1947 मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना उपोषणाला बसावे लागले. ज्यांना शतकानुशतके उंबरठ्याबाहेर ठेवले गेले त्यांना, दुरून नमस्कार करण्यातच भक्ती आहे, असे सांगणे क्रूरपणाचे होईल. अमेरिकेतही या वनाभोवती आखलेली रेषा निष्पाप नाही. लीगच्या तीन संस्थापकांपैकी मॅडिसन ग्रँट हा वंशश्रेष्ठत्वाचा प्रचारक होता. 1916च्या त्याच्या पुस्तकाने अमेरिकेत आणि पुढे जर्मनीत विषारी विचारांना बळ दिले. त्याच्या मनात वृक्षांचे आणि 'वंशाचे' रक्षण ही एकाच कामाची दोन अंगे होती. त्याच्या स्मरणार्थ प्रेअरी क्रीकमध्ये उभारलेला दगड 2021 मध्ये हलवण्यात आला. आणि ज्या भूमीला ही मंडळी अस्पर्श रान म्हणत होती तिथे युरोक, तोलोवा, कारूक लोक हजारो वर्षे राहत होते. 1853 मध्ये योन्टोकेट येथे जगाच्या नूतनीकरणाच्या सोहळ्यासाठी जमलेल्या तोलोवांची कत्तल झाली. तेव्हा रेषा कोण आखतो, कोणाविरुद्ध आखतो, हा प्रश्न टाळून अंतराची थोरवी सांगणे मला शक्य नाही.

म्हणून कसोटी लावायला हवी, आणि ती लावता येते. काळारामच्या दाराची मनाई जन्मावर ठरत होती; पुजारी आत होता आणि आत असण्याने त्याचा मान वाढत होता. आत जाणाऱ्याकडून ती काहीच मागत नव्हती. हायपेरियनभोवतीची मनाई नावाजलेल्या पाहुण्यालाही लागू आहे आणि एका दिवसापुरत्या आलेल्या पोरालाही. तिचे कारण माती उकरून तपासता येते. पहिली मनाई माणसामाणसांत अंतर पाडते, दुसरी सगळ्या माणसांना एका बाजूला आणते. दोन्हींना पावित्र्य हाच शब्द लावला जातो म्हणून दोन्ही एक होत नाहीत. पण कसोटी एवढ्यावर थांबली तर ती युरोकांच्या बाबतीत अपुरी पडते, आणि तो प्रसंग इथे सांगायलाच हवा.

किनाऱ्यापासून आत, सिस्कियू पर्वतात, युरोक, कारूक आणि तोलोवा यांचे उंच पवित्र क्षेत्र आहे. तिथे कोणीही केव्हाही जात नाही. उपवास, तयारी, साधना करून मोजकी माणसे जातात. दगडांच्या प्रार्थनास्थानी बसतात. तिथून मिळालेले सामर्थ्य खालच्या सोहळ्यांत साऱ्या लोकांसाठी उपयोगी आणतात. अमेरिकेच्या वनविभागाला गॅस्की आणि ऑर्लियन्स ही दोन गावे जोडणारा डांबरी रस्ता पूर्ण करायचा होता, आणि त्याचा उरलेला सहा मैलांचा तुकडा याच क्षेत्रातून जात होता. वनविभागानेच करवून घेतलेल्या 1979च्या अभ्यासात निष्कर्ष निघाला की एकांत, शांतता आणि अबाधित परिसर हे या उपासनेचे अनिवार्य अंग आहे, रस्ता करू नये. वनविभागाने तो डावलला. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1988 मध्ये पाच विरुद्ध तीन मतांनी निर्णय सरकारच्या बाजूने लागला. रस्त्याने ती उपासना जवळजवळ नष्ट होईल असे मानले तरी, जमीन सरकारची आहे आणि तिचा वापर सरकार ठरवील, असा त्या निर्णयाचा आशय होता. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी त्याला कडाडून विरोध नोंदवला. शेवटी 1990 मध्ये काँग्रेसने कायदा करून तो मार्ग बंद केला, रस्ता झाला नाही.

या खटल्यात दिसते की मालकीच्या भाषेत अंतराला नावच नाही. जमीन माझी तर तिथे जाण्याचा रस्ताही माझा. कोणी आडकाठी केली तर ती माझ्या हक्कावरची. युरोक, कारूक, तोलोवांची बाजू कळायला वेगळी भाषा लागते. त्यांच्या क्षेत्रात मोजकेच जातात, तेव्हा मनाई सर्वांना सारखी नाही, हे खरे. पण जो जातो त्याच्यावर बंधने वाढतात, आणि तो जातो ते उरलेल्यांच्या वतीने. काळारामच्या दारात प्रवेश हा जन्माने मिळालेला मान होता. सिस्कियूच्या डोंगरात तो खांद्यावर घेतलेला भार आहे. तेव्हा कसोटीचा दुसरा भाग हा: जवळ जाणाऱ्याने अधिक दिले की अधिक घेतले? कॅम्पर व्हॅनच्या प्रवाशाने हा प्रश्न स्वतःला विचारावा असे मला कळकळीने वाटते, कारण त्याच्या सोयींची सगळी रचना घेण्याच्या बाजूची आहे.

तिसरा आक्षेप अद्वैताचा, आणि तो आपल्या संतपरंपरेचा आधार घेऊन येतो. देव चराचरात असेल तर ही राई पवित्र आणि तो वाहनतळ अपवित्र, असा भेद कशाला? विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडले होते; नामदेवांनी पाय उचलून दुसरीकडे ठेवले तर तिथेही पिंड उभी राहिली. मग सीमा कशाची? मला वाटते या कथेतून उलटा बोध निघतो. नामदेवांना कळले ते हे की पाय निष्काळजीपणे ठेवता येईल अशी एकही जागा उरलेली नाही. देव सर्वत्र आहे म्हणून कुठेही तुडवावे असा अर्थ त्यातून काढणारा माणूस कथेतल्या विसोबांच्या जागी नसतो, अजून कथेच्या बाहेरच असतो. आणि देव सर्वत्र असेल तर हायपेरियनपाशी न गेल्याने काही हुकतही नाही. आषाढीला पंढरपुरात पोहोचलेले असंख्य वारकरी पदस्पर्शाच्या रांगेत उभे राहत नाहीत. ते कळसाला हात जोडतात, चंद्रभागेत स्नान करतात आणि परत फिरतात. त्यांची वारी अपुरी राहिली असे कोणी म्हणत नाही. इतके दिवस ठरलेल्या वाटेने, ठरलेले मुक्काम करत चालून आलेल्या माणसाला शेवटचे काही फूट सोडता येतात, ही त्या परंपरेची मोठी जाण आहे. कळस दुरून दिसावा म्हणूनच उंच असतो. रेडवूडचा शेंडाही दुरूनच दिसतो. पायाशी गेलेल्याला तो दिसत नाही.

राहिला प्रश्न वृद्धांचा, अपंगांचा, लहान मुलांच्या आईबापांचा. चालत जाणाऱ्याचे कष्ट हेच पुण्य, असे म्हणणारा मी नाही. तसे म्हटले तर वन फक्त धडधाकटांचे होईल. कॅम्पर व्हॅनमुळे पुष्कळांना ही झाडे प्रथमच दिसतात, हे तिचे खरे मोल आहे. हम्बोल्टमधून जाणारा अॅव्हेन्यू ऑफ द जायंट्स हा सुमारे पन्नास किलोमीटरचा रस्ता गाडीच्या खिडकीतूनही माणसाला अवाक करतो. जेडेडाया स्मिथमधल्या ग्रोव्ह ऑफ टायटन्स या राईचीही हायपेरियनसारखीच गत झाली होती: 1998 मध्ये सापडली, पत्ता फुटला, झाडे तुडवली गेली. तिथे मात्र उद्यानाने जमिनीपासून उचललेला लांब मार्ग बांधला. माणसे आता मुळांवर पाय न ठेवता झाडांमधून चालतात. दार बंद करणे हा एकच उपाय नाही, हे त्यातून दिसते. मात्र त्या राईकडे जाणारा हाउलंड हिल रस्ता कच्चा, अरुंद, झाडांच्या अंगाला अंग लावून वळणारा. मोठ्या गाड्यांना आणि ट्रेलरना तिथे येऊ नका असे सांगतात. झाड कापून रस्ता रुंद करता आला असता. 1930च्या दशकात लेगेटमध्ये एका जिवंत रेडवूडच्या बुंध्याला आरपार भोक पाडून त्यातून मोटार नेण्याची सोय केली गेली. खासगी जागेतले ते झाड आजही उभे आहे आणि लोक पैसे देऊन त्यातून गाडी नेतात. एका ठिकाणी गाडीच्या मापाने झाड कोरले, दुसऱ्या ठिकाणी झाडाच्या मापाने गाडी अडवली. या दोन्ही जागा एकाच प्रवासात येतात, आणि प्रवासी त्यांपैकी कोणत्या जागेला तीर्थ मानतो यावर त्याच्या यात्रेची जात ठरते.

रॉकपोर्टपाशी महामार्ग समुद्र सोडून का वळतो, त्याचेही कारण इथे जुळते. पुढचा किंग रेंजचा डोंगर समुद्रातून जवळजवळ सरळ चार हजार फूट वर येतो. रस्ता बांधणाऱ्यांनी हात टेकले. तो किनारा आज कॅलिफोर्नियातला महामार्गाविना उरलेला सर्वांत लांब किनारा आहे. तिथे डोंगराने नाही म्हटले आणि माणसाने ते मुकाट मानले. प्रश्न आहे तो जिथे डोंगर नाही म्हणत नाही तिथला. त्याचे एक उत्तर ऑरिक गावाजवळ आकाराला येत आहे. 'ओ रेव या नावाची 125 एकर जमीन, जिथे एकेकाळी रेडवूड चिरणारी लाकूडगिरणी होती, लीगने विकत घेतली होती. ती युरोकांना परत देऊन राष्ट्रीय आणि राज्य उद्यानांसोबत मिळून सांभाळण्याचा करार 2024 मध्ये झाला. नाल्याचे पात्र मोकळे करून साल्मन मासे परत आणण्याचे काम तिथे झाले आहे. रेडवूडच्या फळ्यांची पारंपरिक घरे, पायवाटा, येणाऱ्यांसाठी केंद्र उभारण्याची योजना आहे. युरोकांनी ही झाडे होड्यांसाठी आणि घरांसाठी वापरलीही आहेत, आणि पाहुण्यांना ते बोलावतही आहेत. महामार्गावरून येणाऱ्या व्हॅनला तिथे थांबायला जागा असेल. पुढे कुठवर जायचे हे यजमान सांगतील, आणि आलेल्याला ते विचारून घ्यावे लागेल.